लघवीचा वास: एक जुनी खूण

लघवीला वेगळाच वास येतोय, हे डॉक्टरांना सांगायला माणसं अजूनही लाजतात. खरं तर रोग ओळखण्याची ही फार जुनी खूण आहे. मधुमेहात लघवीकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेत नोंदलेलं आहे. पुढे युरोपात मात्र काचेच्या भांड्यातली लघवी पाहून-हुंगून, रोग्याला न तपासताच निदान ठोकून देणाऱ्यांचं पेव फुटलं. १६३७ मध्ये थॉमस ब्रायन या डॉक्टरनं त्यांच्यावर सडकून टीका केली, आणि ती रास्तच होती. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरनं मधुमेह्याची लघवी आटवून तिच्यात साखर असल्याचं दाखवलं आणि अंदाजाची जागा प्रयोगानं घेतली.

तरी वासाचं मोल संपलं नाही. नॉर्वेतल्या एका आईला आपल्या दोन्ही मतिमंद मुलांच्या अंगाला विचित्र कुबट वास जाणवायचा. तिनं कितीतरी डॉक्टरांना विचारलं, कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन टाकलं. कीटोन (शरीरात चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) असते तर तांबूस-जांभळी छटा आली असती. आला गर्द हिरवा रंग. औषधांचा परिणाम नको म्हणून त्यांनी मुलांची औषधं थांबवून पुन्हा तपासलं. पुन्हा हिरवाच. मग त्या आईनं आणून दिलेल्या लिटरच्या लिटर लघवीतून त्यांनी फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं काढलं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असा हाती लागला. आज तो नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून कळतो आणि वेळीच पथ्य सुरू केलं तर मेंदू वाचतो. माझ्या मते या शोधाचं निम्मं श्रेय त्या आईचं आहे.

१९५६ मध्ये लघवीत बुडवून साखर तपासायची पट्टी आली आणि मधुमेहाची तपासणी आणखी सोपी झाली.

एरवी लघवीचा वास बदलण्याचं कारण बहुधा साधं असतं. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते आणि उग्र वास मारते. शतावरीचे कोंब, कॉफी, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांनीही वास बदलतो. भरपूर पाणी पिऊन एक-दोन दिवसांत तो गेला, तर काळजीचं कारण नाही.

वास तसाच राहिला, किंवा सोबत जळजळ, वारंवार लागणं, गढूळपणा असेल, तर जंतुसंसर्गाची शक्यता धरून लघवी तपासून घ्यावी. गरोदरपणी तर लगेच. वयस्कर माणसाच्या बाबतीत नुसत्या वासावरून अँटिबायोटिक सुरू करू नये, बाकीची लक्षणंही बघावीत. ताप, थंडी वाजणं, कुशीत दुखणं किंवा लघवीतून रक्त जाणं अंगावर काढू नये. मधुमेह्याच्या लघवीला किंवा श्वासाला फळासारखा गोड वास आणि त्यात उलट्या, पोटदुखी, धाप असेल, तर तडक रुग्णालय गाठावं. तान्ह्या बाळाच्या लघवीला जळक्या साखरेसारखा वास येत असेल, बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.