पावणी (गोवा)

पावणी : देवाला वाहिलेली फळे, भाजीपाला, नारळ, वस्त्रे आणि प्रसादाच्या वस्तू जमलेल्या मंडळींपुढे बोली लावून देण्याची गोव्यातील रीत. जत्रा, सप्ताह, नवरात्र, वर्धापनदिन, सार्वजनिक गणेशोत्सव अशा प्रसंगी ती होते. कार्यक्रमपत्रिकेत तिची जागा ठरलेली असते : आरती, पावणी, तीर्थप्रसाद आणि रात्रौ नाट्यप्रयोग. लगतच्या दक्षिण कोकणातील जत्रांतही देवापुढच्या फळांचा असा लिलाव होतो. गोव्यात हाच शब्द कोरड्या व्यवहारालाही चालतो. नगरपालिकेच्या सोपो (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांवरचा कर) वसुलीचा ठेका, कोमुनिदादची (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) काजूची बाग, खाजनातल्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीतल्या) मानशीवरची (पाण्याच्या दारावरची) मासेमारी, या सगळ्यांची ‘पावणी’च होते. या नोंदीत देवापुढच्या पावणीचा आणि विशेषतः पर्वरी, ताळगाव, कुर्टी, फातोर्डा, घोगळ, मांगोरहिल अशा शहरालगतच्या वस्त्यांत तिला आलेल्या रूपाचा विचार केला आहे.

पावणी चालते कशी : देवासमोर एक टेबल, त्यावर वस्तू, शेजारी वही घेतलेला खजिनदार आणि ध्वनिक्षेपक हातात घेतलेला पुकारणारा, एवढी सामग्री पुरते. मूळ किंमत बहुधा सांगत नाहीत. गर्दीतून कोणीतरी पहिली बोली देतो आणि गाडी सुरू होते. आकडा शून्यावर थांबत नाही. एकशे एक, पाचशे एक असा वरचा रुपया हवाच. सारी भिस्त पुकारणाऱ्यावर असते. त्याला वस्तीतली माणसे नात्याने ठाऊक असावी लागतात. कोणाकडे यंदा लग्न झाले, कोणाचा मुलगा नोकरीला लागला, कोण वर्षभराच्या आजारातून उठला, हे त्याला माहीत असते आणि त्या घराकडे पाहूनच तो वस्तू उचलतो. “काकाचे हजार एक! वयनीचे अकराशें एक! काका, आतां कितें?” असे म्हणत तो दोघांनाही हसवतो, ‘एक वार’ झटकन म्हणतो, ‘दोन वार’ला रेंगाळतो, मागच्या रांगेकडे मान वळवतो आणि कोणी बोट वर केले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ‘तीन वार’ झाले की वस्तू घेणाऱ्याच्या हातात जाते, वहीत नाव चढते, टाळ्या पडतात. बोली कोंकणीत, आरत्या मराठीत आणि वर्षअखेरचा जमाखर्चाचा अहवालही बहुतेक ठिकाणी मराठीत, असा हा गोव्याचा नेहमीचा भाषाव्यवहार इथेही दिसतो.

घेतलेल्या वस्तूची बाजारातली किंमत आणि पावणीतली किंमत यांचा एकमेकींशी संबंध नसतो. बाजारात शे-दीडशेला मिळणारा निरफणस इथे दोन हजारांना जातो, आणि घेणाऱ्याला तो महाग पडला असे कोणीच म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच निरफणसाच्या फोडी कापून, रव्यात घोळवून, तळून शेजारच्या चार घरांत पाठवल्या जातात. नारळ असेल तर त्याची कातळी वाटतात. पावणीची वस्तू एकट्याने खायची नसते, हा अलिखित नियम वस्त्यांत अजून पाळला जातो.

वस्तू : गणेशोत्सवात पावणीचा मोठा भाग माटोळीचा असतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला त्या ऋतूत रानात, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि परसात जे जे पिकते ते बांधतात : नारळाची पेंड, सुपारीचा घोस, केळीचा घड, तवशी, चिबूड, दोडकी, पडवळ, आंबाडे, करमल, महाळुंग, कवंडळ, घागऱ्या, कांगल्या. चवथीच्या आधी म्हापसा, माशेल, फोंडा इथे माटोळीचा खास बाजार भरतो आणि सत्तरी-सांग्याकडच्या डोंगराळ भागातील बायका रानातली फळे घेऊन येतात. राज्याचे कला आणि संस्कृती खाते माटोळीची स्पर्धाही घेते. उपनगरातल्या मंडळाला मात्र ना रान असते ना कुळागर. तिथली माटोळी घराघरांतून येते. कोणी पेडण्याच्या गावाकडून केळीचा घड आणतो, कोणी सावईवेऱ्याच्या आजोळाहून सुपारी. त्यामुळे माटोळी उतरवून एकेक वस्तू पुकारली जाते तेव्हा ती कुठून आली हेही सांगितले जाते, आणि नव्या कॉलनीतल्या माणसांना एकमेकांची गावे तिथेच कळतात.

नवरात्रात देवीला आलेल्या साड्यांची पावणी होते. तिथे बोली बहुतांशी बायकांची असते. लेकीच्या ओटीभरणासाठी किंवा नव्या सुनेसाठी देवीची साडी घ्यावी म्हणून त्या वर्षभर पैसे बाजूला टाकतात. देवाचे दागिने आणि पूजेची भांडी मात्र पावणीला येत नाहीत. ती देवस्थानची मालमत्ता.

पूर्वपीठिका : गोव्यात लिलाव आणि सार्वजनिक तिजोरी यांचे नाते जुने आहे. गावकारी, पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद म्हटले गेले, ही गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था. तिच्या रूढींची नोंद १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या फोरालमध्ये (सनदेत) झाली. शेतजमीन लिलावाने ठरावीक मुदतीसाठी कसायला द्यायची, आलेल्या पैशातून बांध, वाटा, देऊळ आणि गावचे सेवेकरी यांचा खर्च भागवायचा आणि उरलेले गावकारांत झोण म्हणून वाटायचे, असा तिचा क्रम. हा कारभार पुढे १९६१ च्या कोमुनिदाद संहितेत बांधला गेला. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बरीच शेते कुळांकडे गेली, तरी खाजनातल्या मानशीची पावणी कूळ संघ करतातच आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लावायचा असतो. वस्तू एकाने घ्यावी, पैसा सगळ्यांच्या कामी यावा, ही जाण देवळाच्या पावणीत गावकारीतूनच आली असे मानायला जागा आहे.

देवळांचा कारभार वेगळ्या नियमाने चालतो. १८८६ चा आणि त्यानंतर १९३३ चा देवस्थान कायदा यांनुसार प्रत्येक देवस्थानाचे महाजन (पिढीजात हक्कदार) नोंदलेले असतात. तेच समिती निवडतात आणि मामलेदार प्रशासक म्हणून देखरेख ठेवतो. पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, कौल कोणी घ्यायचा, हे मान पिढीजात आहेत. या मानांवरून गावोगावी तंटे झाले आहेत आणि काही कोर्टात गेले आहेत. पावणी मात्र या चौकटीत राहूनही बाहेर पडते. बोलीला कूळ विचारत नाहीत.

उपनगरातील रूप : २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२.१७ टक्के लोकसंख्या नागरी ठरली. पर्वरी हे या बदलाचे ठळक उदाहरण. मांडवीच्या उत्तर तीरावरचे हे पठार १९७० मध्ये पूल झाल्यावर पणजीला जोडले गेले. तो पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा लोकांना पुन्हा फेरीबोटीने ये-जा करावी लागली. पुढे गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती वाढल्या, २००० मध्ये विधानसभा इथे आली आणि सरकारी नोकरांची, शिक्षकांची, बँकवाल्यांची वस्ती दाट झाली. तरीही पर्वरीला स्वतःची नगरपालिका नाही. ती सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर दु मुंद अशा पंचायतींत विभागलेली आहे. मराठी भवन आहे, क्रिकेटचे मैदान आहे, पण ‘आम्ही पर्वरीकर’ म्हणून सगळ्यांनी एकत्र बसण्याचे प्रसंग मोजकेच. ही उणीव कॉलनीतल्या मंडळांनी भरून काढली.

इथे राहायला आलेला माणूस पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण, सावंतवाडी किंवा कारवारचा असतो. त्याचा मान, असलाच तर, त्याच्या मूळ गावी. चवथीलाही तो मूळ घरीच जातो, कारण घरचा गणपती तिथे. चतुर्थीच्या दिवशी कॉलनी ओस पडते आणि दीड किंवा पाच दिवसांनी माणसे परततात. म्हणून सार्वजनिक गणपती सात, नऊ, अकरा दिवस ठेवायचा आणि पावणी अखेरच्या दिवसांत घ्यायची, अशी सोय मंडळांनी करून घेतली. जिथे कोणाचाच पिढीजात मान नाही तिथे पावणीत घेतलेला पहिला नारळ हाच मान. तो दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही मिळू शकतो. माझ्या मते उपनगरातल्या पावणीचे खरे मोल इथे आहे. देवळात जो पाहुणा, तो मंडपात यजमान होतो.

पावणीच्या आगेमागे करमणुकीचा मोठा पसारा असतो : फुगड्या, मुलांच्या वेशभूषा, भजनी मंडळांच्या बैठका, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्यांच्या स्पर्धा. २०१९ मध्ये घुमट हे राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे मढवीत. वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात. या साऱ्यानंतर हौशी मंडळींचे मराठी नाटक. कॉलनीतलाच कारकून राजा होतो आणि त्याच्या हातची तलवार कोणाच्या तरी माळ्यावरून आलेली असते. नाटकाच्या रात्री गर्दी सर्वांत जास्त, म्हणून जाणते कार्यकर्ते उरलेल्या चार वस्तू मध्यंतरासाठी राखून ठेवतात.

पैसा जातो कुठे : आधी उत्सवाचा खर्च, म्हणजे मंडप, मूर्ती, ध्वनिव्यवस्था, महाप्रसाद. शिल्लक राहते ती गरजूंच्या शाळेच्या वह्या, रक्तदान शिबिराची व्यवस्था, क्रीडा स्पर्धेची बक्षिसे, स्मशानभूमीतले छप्पर अशा कामांना. वस्तीतले कोणी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखल असेल तर नातेवाईकांच्या हाती गुपचूप पाकीट देण्याची पद्धत आहे. पावणीतले देणे चारचौघांत पुकारले जाते, मदत घेणाऱ्याचे नाव मात्र अहवालात ‘वैद्यकीय मदत’ एवढ्या दोन शब्दांत झाकले जाते. हा विवेक फार मोलाचा आहे आणि तो कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पणजीतली मुष्टिफंड संस्था घराघरांतल्या मूठभर धान्याच्या कल्पनेवर उभी राहिली आणि तिने मराठी शाळा चालवली. थोडे थोडे सगळ्यांनी द्यायचे, ही गोव्यातली ओळखीची वाट आहे.

दोष : पावणीची उधारी हा खजिनदारांचा जुना त्रास. काही मंडळांत बोलीची रक्कम पुढच्या उत्सवापर्यंत द्यायची मुभा असते आणि मग वहीतली नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात. नोंदणी झालेल्या मंडळांना हिशेब सभासदांपुढे ठेवावा लागतो, त्यामुळे तिथे निदान विचारता येते. दुसरा दोष निवडणुकीच्या वर्षी दिसतो. इच्छुक उमेदवार एका नारळाला किंवा लाडवाला अवाच्या सवा बोली देतो, मंडळाची तिजोरी भरते, पण बाकीच्यांचे हात खाली येतात. एकच वस्तू लाखाला जाण्यापेक्षा पन्नास वस्तू पाचशेने जाव्यात. चांगला पुकारणारा म्हणूनच एका घराला लागोपाठ दोन वस्तू मिळू देत नाही, आणि लहान मुलांसाठी पेरू, काकडी अशा वस्तू दहा-वीस रुपयांच्या बोलीने मुद्दाम सोडतो. आठ वर्षांची मुलगी खाऊच्या पैशांतून अकरा रुपयांची काकडी घेते आणि तिचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, तेव्हा मंडळाला पुढचा एक कार्यकर्ता मिळालेला असतो.

जवळच्या प्रथा : ख्रिस्ती वाड्यांवर खुरसाच्या (क्रुसाच्या) फेस्ताला (सणाला) लादाइन (सामुदायिक प्रार्थना) झाल्यावर शेतमालाचा लेलांव (लिलाव) होतो. तिथेही भोपळा, नारळ, केळी यांवर अशीच हौसेची बोली चढते आणि मिश्र वस्तीत हिंदू शेजारीही बोली देतो. शिगम्याचे मेळ दारोदार नाचून ‘शबय’ मागतात आणि जमलेला पैसा मांडाच्या (वाड्यावरच्या सामाईक उत्सवस्थळाच्या) खर्चाला जातो. देवळातली फंडपेटी हा तिसरा प्रकार. तिच्यात नाव न सांगता टाकतात. एकाच घरातली माणसे तिन्ही ठिकाणी देतात आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नाही.

अलीकडील बदल : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण ती सगळ्या मंडळांना सोयीच्या दिवशी येतेच असे नाही. त्यामुळे नाटकानंतर पहाटेपर्यंत रंगणारी पावणी आता संध्याकाळी आरतीला जोडून घेतात. टेबलावर क्यूआर कोडचा फलक आला आणि उधारी बरीच कमी झाली. परदेशात किंवा जहाजावर नोकरी करणारे फोनवरून बोली देतात. पुकारणारा त्यांचा आकडा मोठ्याने सांगतो आणि जिंकलेली वस्तू त्यांच्या आईवडिलांच्या हाती दिली जाते.