गरबा खेळू का? पाठीचा बाक आणि व्यायामाची जुनी भानगड

नवरात्रीच्या महिनाभर आधी बडोद्यातल्या शिंप्यांकडे पाय ठेवायला जागा नसते, तशा गर्दीत माझी १३ वर्षांची भाची चणियाचोळीचं माप द्यायला गेली आणि मास्तरने टेप खांद्यावर धरून एकदा मोजलं, परत मोजलं, मग बहिणीला हळूच म्हणाला, "बेन, एक खभो नीचो छे," म्हणजे एक खांदा खाली आहे. ट्रायलच्या दिवशी चोळीची मागची दोरी बांधली तर गाठ मधोमध बसेचना, सारखी उजवीकडे. मग एक्स-रे, त्यात २२ अंशांचा बाक, म्हणजे स्कोलिऑसिस, कणा कडेला वाकणं. पोरीने रडारड वगैरे काही केली नाही, तिचा एकच प्रश्न होता, गरबा खेळू का?

आता गंमत बघा, पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं खेळ बंद, उड्या बंद, फक्त पोहायला घाला. दुसऱ्यांनी सांगितलं सगळं खेळू दे, फक्त खेळून कणा सरळ होईल असं समजू नका. आणि आजीचं तिसरंच, "माणिकरावांच्या आखाड्यात न्या, तिथे नीट करतील." तिघंही अगदी खात्रीने बोलत होते, तेव्हा म्हटलं ही मतं मुळात आली कुठून ते तरी बघू.

कणा वाकडा होतो हे माणसाला फार आधीपासून माहीत आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळात रोग्याला फळीवर नाहीतर शिडीला बांधून ताणायचे, स्कोलिऑसिस हा शब्द वैद्यकात रुळवला तो नंतरच्या गेलन या वैद्याने, आणि १६व्या शतकात फ्रान्सचा सर्जन आंब्रोआज पारे लोखंडी चिलखतासारखा पट्टा करून घ्यायचा. १७४१ मध्ये निकोला आंद्रीने ऑर्थोपेडिक्स हा शब्दच काढला, त्याचा अर्थ मुलांना सरळ करणं, आणि वाकडं झाड खांबाला बांधलंय ते त्याचं चित्र आजही हाडांच्या डॉक्टरांची खूण म्हणून वापरतात.

व्यायाम या गोष्टीत जोरात शिरला तो १९व्या शतकात. पेर हेन्रिक लिंगने १८१३ मध्ये स्टॉकहोमला संस्था काढली, तिथून स्वीडिश ड्रिल, म्हणजे तिथली व्यायामाची कवायत, युरोपभर पसरलं. त्याच शतकात शाळा वाढल्या आणि डॉक्टरांनी मुलांच्या वाकड्या पाठीचं खापर शाळेच्या बाकांवर फोडलं, म्हणजे बाकामुळे बाक! आपल्याकडे आज दप्तराच्या ओझ्याला दोष देतात तो याचाच नातू. दप्तराने पाठ दुखते हे खरं, पण स्कोलिऑसिस होतो असं सिद्ध झालेलं नाही. साधारण ८० टक्के मुलांमध्ये कारण सापडतच नाही.

बडोद्याचा व्यायामाचा वारसा याच्या जरा पुढचा, पण त्यामागची श्रद्धा तीच. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि त्याच सुमारास दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव पोरं घडवत होते. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्याने १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ते स्वामी कुवलयानंद. व्यायामज्ञानकोशाचे मराठीतले १० खंडही बडोद्यातूनच निघाले, संपादक दत्तात्रय चिंतामण मुजुमदार. त्यामुळे बडोद्याच्या मराठी आजीला प्रत्येक दुखण्यावर आखाडा आठवला तर तिचं काही चुकत नाही, पण या एका दुखण्यात गोम आहे.

ती गोम एका डायनासोरवाल्याच्या पाठीत सापडली. गिडियन मँटेल नावाचा इंग्लिश डॉक्टर, इग्वानोडॉनचे दात ओळखणारा, १८५२ मध्ये वारला. शेवटची बरीच वर्षं तो पाठीने हैराण होता. त्याची शवचिकित्सा झाल्यावर विल्यम अ‍ॅडम्स या सर्जनच्या लक्षात आलं की कणा नुसता कडेला वाकलेला नाही, मणके पिळवटलेत, आणि उभ्या माणसात हा पीळ सहज दिसत नाही. यातून त्याने १८६५ मध्ये वाकून बघायची टेस्ट मांडली, तीच आजही करतात. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून पुढे वाकायला सांगायचं आणि मागून पाठ बघायची. भाचीला हॉलमध्ये वाकवलं तर उजवीकडच्या बरगड्या अशा वर आल्या की पाठीवर कोणी छोटी उशी ठेवलीये, आणि उभी राहिली की काही नाही!

म्हणजे दंड, बैठका, सूर्यनमस्कार दोन्ही अंगांना सारखेच, आणि पाठीत तर डावं एक उजवं एक. हे जिने ओळखलं ती डॉक्टर नव्हती. काथारिना श्रॉथ, जर्मन, जन्म १८९४, तिला स्वतःलाच बाक, पट्टा घालून वैतागलेली. चेपलेला रबरी चेंडू हवेने फुगून परत गोल होतो तसा श्वास आपल्या खोलगट बाजूत भरता येईल का असं तिला वाटलं, मग आरशासमोर उभं राहून स्वतःवरच प्रयोग, आणि १९२१ मध्ये माइसन गावात इतरांना शिकवायला लागली. डाव्या बाजूला एक करायचं, उजवीला वेगळं, हे आज फिजिओ शिकवतात त्याचं मूळ तिथे आहे.

पण तिकडे अमेरिकेत व्यायामाचे बारा वाजले. १९४१ मध्ये तिथल्या ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या कमिटीने ४२५ रुग्ण तपासले, नुसत्या व्यायामावर ठेवलेल्यांपैकी साधारण ६० टक्क्यांचा बाक वाढला, बाकीचे होते तिथेच. झालं, व्यायाम बाद. मग १९४० च्या दशकात मिलवॉकी पट्टा आला, १९४८ मध्ये जॉन कॉबने अंश मोजायची पद्धत दिली (भाचीचे २२ त्याच पद्धतीचे), आणि पोलिओने कणा वाकलेल्या पोरांसाठी ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टनने मणक्यात बसवायची सळई काढली. लोखंड आलं आणि घाम गेला, त्या काळातल्या डॉक्टरांना दोष तरी कसा देणार, आकडे तसेच होते. माझ्या मते चूक पुढे झाली, व्यायामाने बाक सरळ होत नाही या वाक्याचं ऐकत ऐकत व्यायामाने बाक वाढतो कधी झालं ते कोणाला कळलंच नाही, पहिल्या डॉक्टरांची बंदी मला त्याच गोंधळातली वाटते.

त्या भीतीला थोडं खतपाणीही मिळालं म्हणा. १९८६ मध्ये ७५ बॅले नर्तिकांची पाहणी झाली, त्यात २४ टक्क्यांना बाक. २००० मध्ये बल्गेरियातल्या रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या १०० मुलींपैकी १२ जणींना, इतर मुलींत हेच प्रमाण १.१ टक्के. आकडे बघून पोटात गोळा येतो, पण या मुली मुळात लवचिक असतात म्हणूनच निवडल्या जातात, खातात कमी, पाळी उशिरा येते, हाडं जास्त दिवस कच्ची राहतात, त्यामुळे नाचाने केलं की आधीच होतं हे सांगणं अवघड. आणि पोहण्याचं म्हणाल तर पाण्यात वजन जाणवत नाही म्हणून वर्षानुवर्षं तोच सल्ला चालला, पण २०१५ मध्ये स्पर्धेत पोहणारी मुलं तपासली तर त्यांच्या पाठीत डावंउजवं फरक इतरांपेक्षा जास्तच निघाला. पोहा की, मजा म्हणून पोहा, औषध म्हणून नको.

पट्ट्याचा मात्र पुरावा पक्का झालाय. २०१३ च्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात पट्टा लावलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीखाली राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. जे रोज १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालत होते त्यांच्यात तर ९० च्या वर. पट्टा सहसा २५ अंशांपासून, ऑपरेशनचा विचार ४५-५० ला. व्यायामसुद्धा परत आलाय, २००४ मध्ये सोसॉर्ट ही आंतरराष्ट्रीय संघटना झाली, ती श्रॉथसारख्या बाकासाठीच्या खास व्यायामांना उपचारात धरते आणि खेळांना वेगळं, खेळ उपचार नाही पण बंदही करू नका असं तिचं म्हणणं. पट्टा असेल तरी खेळायला काढता येतो. उसेन बोल्टलाच स्कोलिऑसिस आहे, आणि लामार गँट नावाचा अमेरिकन पॉवरलिफ्टर वाकड्या कण्याने स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट करून गेला (म्हणून पोरांना तेवढं उचलायला लावू नका). ऑपरेशन झालेल्यांचं वेगळं, त्यांना खेळ कधी सुरू करायचा ते सर्जनच सांगणार.

भाची आता कपाटाच्या आरशासमोर रोज अर्धा तास श्रॉथ करते, सहा महिन्यांनी परत एक्स-रे आहे. आजीला अजून एक शंका आहे, गरबा नऊ रात्री एकाच बाजूने गोल फिरतो, मग पीळ वाढणार नाही का? फिजिओ आधी खूप हसली, मग म्हणाली आजी, शंका चांगली आहे, टेनिस आणि बॅडमिंटनबद्दलही लोक हेच विचारतात, एका हाताच्या खेळाने हा बाक येतो असं काही सिद्ध झालेलं नाही, तेव्हा खेळू दे तिला. आजी म्हणाली बरं, पण मधेमधे दोन चकरा उलट्या मार.