‘ऑप्शन’वाला कोच हवा की नको? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये नोव्हेंबर सरत आला की कोचना नारळ मिळायला लागतो आणि त्याच आठवड्यात नव्या नावांची चर्चा सुरू होते. त्या नावांत ट्रिपल ऑप्शन (बॉल कुणी न्यायचा हे खेळ सुरू झाल्यावर ठरवणारी, मुख्यतः धावण्याची पद्धत) खेळवणारा कोच असला की चाहत्यांचे हमखास दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, हातात बेताचे खेळाडू असताना जो जिंकून दाखवतो, तो चांगले खेळाडू मिळाल्यावर काय करेल! दुसऱ्याचं म्हणणं, सैनिकी अकादमीत हे ठीक आहे, मोठ्या कॉन्फरन्समध्ये (संघांच्या गटात) चालायचं नाही. त्यांचे आक्षेप तीन. चांगले रिसीव्हर (पास झेलणारे) येणार नाहीत, पिछाडीवर पडलो की सामना गेला, आणि प्रतिस्पर्ध्याला तयारीला महिना मिळाला की ही पद्धत उघडी पडते.

हे आक्षेप आले कुठून, ते पाहण्याआधी ‘ऑप्शन’ हा शब्द सोडवून घ्यायला हवा. अर्धा वाद त्याच्यामुळेच होतो. आज हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना लावला जातो. ट्रिपल ऑप्शनमध्ये स्नॅप झाल्यावर, म्हणजे लाइनच्या मधल्या खेळाडूने (सेंटर) बॉल मागे दिल्यावर, तो तीन ठिकाणी जाऊ शकतो: डाइव्ह करणाऱ्या, म्हणजे सरळ मधून घुसणाऱ्या बॅककडे, खेळ चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडे किंवा बाहेरून धावणाऱ्या पिच बॅककडे. स्पीड ऑप्शनमध्ये डाइव्ह नसतो, दोनच वाटा उरतात. झोन रीडमध्ये क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये (सेंटरपासून काही यार्ड मागे) उभा असतो आणि ब्लॉक न करता, म्हणजे न अडवता सोडलेल्या एका एंडकडे (टोकाच्या बचावपटूकडे) बघून बॉल देतो किंवा ठेवतो; इथेही वाटा दोनच. आरपीओमध्ये (रन-पास ऑप्शन) तर निवड धावायचं की पास टाकायचा यातली. कॉलेजच्या नियमांत पास होईपर्यंत पुढच्या फळीतल्या लाइनमनना तीन यार्ड पुढे जाण्याची मुभा आहे, व्यावसायिक लीगमध्ये एकच यार्ड. आरपीओ कॉलेजात इतका फोफावला, त्याचं मोठं कारण हे दोन यार्ड. मग कुणी म्हणतं, ‘आजकाल सगळेच ऑप्शन खेळतात.’ एका अर्थी खरं आहे. पण झोन रीड खेळणारा संघ हंगामानंतर तीच लाइन आणि तेच रिसीव्हर ठेवून पासिंगकडे वळू शकतो. फ्लेक्सबोन या मांडणीतून ट्रिपल ऑप्शन खेळणाऱ्या संघाला ते जमत नाही.

फ्लेक्सबोनची मांडणी अशी असते. क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे, बी-बॅक बॉलपासून साधारण पाच यार्ड मागे, दोन ए-बॅक टॅकलच्या (लाइनच्या टोकाच्या खेळाडूंच्या) बाहेर किंचित मागे, आणि दोन्ही टोकांना एकेक रिसीव्हर. टाइट एंड (लाइनला लागून उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा) नाही. दोन लाइनमनमधली फट साधारण तीन फुटांची. स्नॅपच्या आधी एक ए-बॅक मोशनमध्ये, म्हणजे आडवा धावत निघतो. त्या बाजूचे दोन बचावपटू मुद्दाम ब्लॉक न करता सोडलेले असतात. क्वार्टरबॅक बॉल बी-बॅकच्या पोटात धरून त्याच्यासोबत सरकतो. याला मेश म्हणतात. या वेळी त्याची नजर बॉलवर नसते, सोडलेल्या पहिल्या बचावपटूच्या खांद्यावर असते. तो आत वळला तर बॉल काढून घ्यायचा, नाहीतर देऊन टाकायचा. काढून घेतला की नजर दुसऱ्यावर. तो अंगावर आला की पिच. पिच घेणारा चार-पाच यार्ड बाहेर आणि एखादा यार्ड मागे असायला हवा. जास्त जवळ आला तर एकच बचावपटू दोघांना पुरतो, जास्त मागे पडला तर बॉल पोचेपर्यंत यार्ड हातचे जातात. पिच छातीपासून, अंगठा खाली वळवून.

बिघडतं ते बहुतेक मेशमध्ये. बॉल मिळणार की नाही याची खात्री नसलेला बी-बॅक हात घट्ट आवळतो, क्वार्टरबॅक त्याच क्षणी ओढतो, आणि बॉल गवतावर. जाणकार बचाव आणखी एक डाव टाकतो. एंड मुद्दाम आत घुसतो, क्वार्टरबॅक नियमाप्रमाणे बॉल काढून घेतो, आणि एंडची जागा घ्यायला धावत आलेला लाइनबॅकर (मागच्या फळीतला बचावपटू) त्याच्या पुढ्यात उभा असतो. याला उत्तरं आहेत. मिडलाइन खेळून बचावाच्या आतल्या टॅकललाच वाचायचं, किंवा ए-बॅकला ब्लॉकचा आव आणून पाससाठी बचावाच्या मागे सोडायचं. पण ती उत्तरं अंगात मुरायला हजारो आवर्तनं लागतात आणि हंगामात सरावाला आठवड्याचे २० तासच मिळतात. हा २० तासांचा हिशेब वादात फारसा कुणी मांडत नाही. तो मांडायलाच हवा.

कॉलेजचं मैदान या पद्धतीला साथ देतं. ज्यांच्या दरम्यान बॉल ठेवला जातो त्या हॅश मार्कमधलं अंतर ४० फूट, मैदानाची रुंदी १६० फूट. म्हणजे बॉल एका हॅशवर असेल तर अरुंद बाजूला ६० आणि रुंद बाजूला १०० फूट मोकळे. व्यावसायिक मैदानात हॅश जेमतेम साडेअठरा फुटांवर असल्याने एवढी रुंद बाजू मिळतच नाही.

ऑप्शनच्या मांडण्यांचा जुना इतिहास थोडक्यात. १९४१ मध्ये मिझुरीत स्प्लिट-टी आली, साठच्या दशकात ह्यूस्टनला व्हीअर आणि १९६८ मध्ये टेक्ससला विशबोन. टेक्ससने पहिला सामना बरोबरीत सोडवला, दुसरा हरला, आणि मग सलग ३० जिंकले. ओक्लाहोमाने १९७१ मध्ये दर सामन्याला ४७२ यार्ड धावून काढले. अलाबामानेही त्याच वर्षी विशबोन धरली. त्या काळी ‘हे मोठ्या कॉन्फरन्समध्ये चालणार नाही’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आजच्या वादाचं खरं मूळ २००३ सालच्या नेब्रास्कात आहे. या संघाने आय-फॉर्मेशनमधून (क्वार्टरबॅकमागे दोन बॅक एका रेषेत) ऑप्शन खेळून १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. २००२ ला ७–७ (सात विजय, सात पराभव) झाल्यावर कोचने नवा बचाव समन्वयक आणला आणि २००३ चा नियमित हंगाम ९–३ असा संपवला. कोलोराडोला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. अॅथलेटिक डायरेक्टरचं (विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखाचं) म्हणणं, संघाला सामान्य होऊ देणार नाही. त्या बचाव समन्वयकाने हंगामी कोच म्हणून बोल गेम (नियमित हंगामानंतर काही आठवड्यांनी होणारा मानाचा सामना) जिंकून दिला, तरी त्याला डावललं गेलं. जवळपास सहा आठवडे शोध चालला. शेवटी जो आला, त्याने आदल्या वर्षी व्यावसायिक संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं आणि नंतरच्या हंगामात ४–१२ झाल्यावर त्याची नोकरी गेली होती. सोबत त्याने वेस्ट कोस्ट ऑफेन्स ही पासवर भर देणारी आक्रमणाची पद्धत आणली.

वेस्ट कोस्टमध्ये पास वेळेवर चालतो. क्वार्टरबॅकचं तीन, पाच किंवा सात पावलांचं मागे जाणं आणि रिसीव्हरचं वळणं एकाच ठोक्यावर यावं लागतं. व्यावसायिक खेळाडू दिवसभर तेच करतात. कॉलेजच्या मुलाकडे तेच २० तास. २००४ मध्ये नेब्रास्का ५–६, म्हणजे १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. सलग ३५ वर्षं चालत आलेली बोल गेमची परंपरा तुटली. टेक्सस टेकने ७०–१० ने धुतलं. २००६ ला थोडं सावरलं, पण २००७ मध्ये कॅन्ससने ७६ गुण लावले आणि हंगाम ५–७ वर संपला. आधी डायरेक्टर गेला, मग कोच. आणि नवा कोच म्हणून बोलावलं कुणाला? २००३ मध्ये डावललेल्या त्याच बचाव समन्वयकाला. नेब्रास्कात त्या वेळी ऑप्शनला पर्याय शोधणं चूक नव्हतं. पण ऑप्शनसाठी निवडलेल्या मुलांच्या हाती एका उन्हाळ्यात व्यावसायिक प्लेबुक देणं ही मोठी चूक होती, आणि तिची किंमत मुलांनी मोजली.

२००७ च्या डिसेंबरात दोन मोठ्या विद्यापीठांनी धावणाऱ्या ऑफेन्सचे कोच आणले. मिशिगनने वेस्ट व्हर्जिनियाहून झोन रीडवाला घेतला, जॉर्जिया टेकने नेव्ही या सैनिकी अकादमीहून फ्लेक्सबोनवाला. सगळी शंका दुसऱ्याबद्दल होती. झालं उलटंच. मिशिगन ३–९ वर घसरला आणि टोलीडोकडूनही हरला, कारण धावू शकणारा क्वार्टरबॅक संघातच नव्हता. जॉर्जिया टेक ९–४. जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध मध्यंतराला २८–१२ असा मागे असताना त्याने तिसऱ्या क्वार्टरमध्ये २६ गुण केले आणि ४५–४२ असा जिंकला. धावून ४०९ यार्ड, आणि या प्रतिस्पर्ध्याकडून सलग सात वर्षांच्या पराभवाची साखळी तुटली. ‘पिछाडीवरून परत येता येत नाही’ या आक्षेपाला त्या एका क्वार्टरने जेवढं उत्तर दिलं, तेवढं कुठल्याही लेखाने दिलेलं नाही.

रिसीव्हरच्या आक्षेपाचंही तसंच. २०१० च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला घेतला गेलेला रिसीव्हर जॉर्जिया टेकच्या याच ऑफेन्समधला होता, २२ व्या क्रमांकावर. पण हे उदाहरण ताणू नये. तो मुलगा आधीच्या कोचच्या काळात भरती झालेला होता, आणि नंतर भरतीची अडचण खरंच जाणवली.

महिनाभराच्या तयारीचा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण बोल गेमआधी प्रतिस्पर्ध्याला तेवढा वेळ मिळतो. जॉर्जिया टेकचा २००८ चा बोल गेम ३८–३ ने गेला, २००९ चा २४–१४ ने, २०१० आणि २०११ चेही गेले. २०१२ ला जिंकले, आणि २०१४ च्या हंगामाअखेर ऑरेंज बोलमध्ये मिसिसिपी स्टेटला ४९–३४ ने हरवलं. नियम ‘महिना मिळाला की संपलं’ इतका सोपा नाही, पण आठवडाभराच्या तयारीत मिळणारा फायदा बोल गेममध्ये बराच कमी होतो, हे मान्य करायला हवं. आणखी एक अडचण म्हणजे बॉल ताब्यात ठेवण्याच्या या खेळात एकूण संधीच कमी मिळतात. होल्डिंगची एक १० यार्डांची पेनल्टी आली की ती संधी बहुधा वाया जाते, आणि वाया गेलेली प्रत्येक संधी इतरांपेक्षा महाग पडते.

२०१८ नंतर तो फ्लेक्सबोनवाला कोच निवृत्त झाला आणि जॉर्जिया टेकने उलटा प्रवास केला. संघात टाइट एंड हे पदच नव्हतं. लाइनमन चपळ, हलके, खाली झेपावून कट ब्लॉक करण्यात तरबेज. त्यांना आता मागे सरकत तीनशे पौंडी माणसाला तीन सेकंद थोपवायचं होतं. पायांची सवय उलटी, वजनाची गरज उलटी. २०१९ चा हंगाम ३–९. त्यातला सर्वांत बोचरा पराभव खालच्या श्रेणीतल्या सिटाडेलकडून, जादा वेळेत २७–२४. सिटाडेल ट्रिपल ऑप्शनच खेळत होतं आणि ६० पैकी ४० मिनिटांहून जास्त वेळ बॉल त्याच्याकडे होता. नवा कोच २०२२ मध्ये चार सामन्यांनंतर गेला. त्याच्या नावावर १० विजय, २८ पराभव.

या काळात नियमही बदलत गेले. २०१८ पासून ऑफेन्सला पाच यार्डांच्या पुढे कमरेखाली ब्लॉक करायला बंदी आली. २०२२ पासून टॅकल बॉक्सच्या (लाइनभोवतीच्या मधल्या चौकोनाच्या) बाहेर तर तो पूर्णच बंद झाला. आत लाइनमन आणि स्थिर उभ्या बॅकनाच परवानगी उरली. गुडघ्यांच्या दुखापती टाळण्याचा हेतू योग्यच आहे. पण फटका बसला तो कोपऱ्यावरच्या बचावपटूला खाली पाडून पिचला वाट करून देणाऱ्या ए-बॅकला, म्हणजे याच पद्धतीला. दुसरीकडे २०२१ पासून खेळाडूला एकदा वर्षभर बाहेर न बसता संघ बदलता येऊ लागला. पद्धत बदलण्याची जी किंमत नेब्रास्का आणि जॉर्जिया टेकने काही वर्षं मोजली, तिचा काही भाग आता एका हिवाळ्यात टाइट एंड आणि टॅकल बाहेरून आणून टाळता येतो.

नव्या ब्लॉकिंग नियमांनंतर आर्मी या दुसऱ्या सैनिकी अकादमीने २०२३ मध्ये शॉटगनकडे मोर्चा वळवला आणि हंगाम ६–६ झाला. २०२४ मध्ये संघ बऱ्याच अंशी सेंटरमागच्या ऑप्शनकडे परतला. कॉन्फरन्समध्ये पहिलंच वर्ष असूनही टुलेनला ३५–१४ ने हरवून विजेतेपद घेतलं आणि हंगाम १२–२ वर संपवला.