मेडिक्लेम आणि हॉस्पिटल कॅश: दोन कंपन्यांकडे क्लेम करताना

दोन पॉलिसी असल्या तर दोन्हीकडून पैसे मिळतात का? पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे, त्यावर ते ठरतं.

मेडिक्लेम म्हणजे झालेल्या खर्चाची भरपाई. कंपन्या कितीही असोत, बिलापेक्षा जास्त मिळत नाही. बिल 5 लाखांचं आणि पहिल्या पॉलिसीचा विमा 3 लाखांचा असेल, तर उरलेले 2 लाख दुसरीकडे मागायचे. आधी कुठे जायचं हे तुम्ही ठरवायचं. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार तुम्ही निवडलेली कंपनी मुख्य धरली जाते आणि पैसे अपुरे पडले तर दुसऱ्या कंपनीशी तिनेच बोलायचं असतं.

खरी गफलत होते ती खोलीच्या भाड्यात. पॉलिसीत रोजचं भाडं 5,000 पर्यंतच मान्य आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली, तर अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही सहसा त्याच प्रमाणात कापले जातात. असे खर्च 2,40,000 झाले असतील तर 1,50,000 च मान्य होतात. कापलेले 90,000 बुडाले असं समजून बरेच जण गप्प बसतात, आणि ते फार वाईट वाटतं. दुसऱ्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा नसेल तर ही रक्कम तिथे मागता येते, पहिलीचा विमा संपलेला नसला तरीही. त्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर हवं, त्यात कुठल्या बाबीत किती कापले हे लिहिलेलं हवं. मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे जातात, म्हणून फाइल देण्याआधी पानन्‌पान स्कॅन करा आणि दुसरीसाठी साक्षांकित प्रती मागून घ्या. दाखल होतानाच दोघींनाही कळवा. कागद द्यायची मुदत बऱ्याचदा डिस्चार्जपासून 30 दिवस असते, पहिलीच्या उत्तराची वाट पाहण्यात ती निघून जाते.

नोकरीतली ग्रुप पॉलिसी आधी वापरलेली बरी, स्वतःच्या पॉलिसीचा नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारा फायदा, टिकतो.

हॉस्पिटल कॅश म्हणजे दाखल असलेल्या दिवसांसाठी रोजची ठरलेली रक्कम, त्यात बिलाचा संबंधच नाही. रोजचे 2,000 ठरलेत आणि मुक्काम 6 दिवसांचा, तर 12,000 मिळतात, मेडिक्लेमने पूर्ण बिल भरलं असलं तरी. काही पॉलिसी पहिला दिवस वगळतात, तेवढं तपासा. अशा दोन पॉलिसी असतील तर दोन्ही कंपन्या स्वतंत्रपणे पैसे देतात.

क्रिटिकल इलनेस, म्हणजे गंभीर आजार झाल्यावर ठरलेली रक्कम देणारी पॉलिसी, याच गटातली, पण तिथे आजार पॉलिसीतल्या व्याख्येत बसावा लागतो. अँजिओप्लास्टी झाली म्हणून बायपासच्या नावाने क्लेम केला तर तो नाकारला जातो.