वस्तू नेमकी कुठे तुटते?

जेकब डेव्हिस हा अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रेनो गावी राहणारा शिंपी. 1870 नंतरच्या काही वर्षांत तो अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांसाठी पँटी शिवायचा. या पँटी फाटायच्या त्या ठरलेल्या जागी, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यात. कापड शाबूत असायचं, शिवण उसवलेली असायची. कापड आधीच जाडजूड होतं. ते आणखी जाड करत बसण्याऐवजी डेव्हिसनं नेमक्या त्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट, म्हणजे ठोकून पक्क्या बसवायच्या बुटक्या खिळ्या, ठोकले. पेटंट घ्यायला पैसे कमी पडत होते, म्हणून तो ज्याच्याकडून कापड विकत घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉस नावाच्या व्यापाऱ्याला त्यानं सोबत घेतलं. 20 मे 1873 रोजी दोघांना पेटंट मिळालं आणि आजची जीन्स तिथून सुरू झाली.

टिकाऊपणाबद्दल जे समजून घ्यायला हवं, त्यातलं बरंचसं या रिवेटमध्ये आहे. वस्तू सगळीकडून सारखी जुनी होत जाते, हा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती एका जागी हार मानते आणि बाकीची नव्वद टक्के धडधाकट असताना कचऱ्यात जाते. बॅग चांगली असते, पण तिचा बंद तुटतो. पातेलं चांगलं असतं, पण मूठ निखळते. आणि खरेदी करताना आपण निरखून बघतो ते मात्र त्या धडधाकट भागाकडे, म्हणजे रंग, चकाकी आणि जाडी. टिकाऊ वस्तू निवडायची असेल, तर ती पहिल्यांदा कुठे तुटेल हे शोधायला शिकावं लागतं. पदार्थविज्ञानानं त्यासाठी बरीच सोय करून ठेवली आहे.

धातूची पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढली, तर ताण तिच्या पूर्ण रुंदीत सारखा पसरतो. आता तिच्या मधोमध एक लहानसं गोल भोक पाडा. त्या भोकाच्या कडेला ताण थेट तिप्पट होतो, मग भोक कितीही लहान असो. भोकाऐवजी ओढीला आडवी, लांबट फट असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. ब्रिटिश अभियंता चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 मध्ये याचं गणित मांडलं. त्यांच्या सूत्रानुसार लांबी रुंदीच्या पाचपट असलेल्या लंबवर्तुळाकार फटीच्या टोकाशी ताण अकरा पट होतो. टोक जितकं अणकुचीदार, तितका ताण एकवटतो. तडा गेलेल्या पत्र्यात तड्याच्या टोकाशी बारीक गोल भोक पाडून तो थांबवायची कारागिरांची युक्ती याच तत्त्वावर चालते: टोकाची अणी गेली की ताण पसरतो.

म्हणून प्लास्टिकची खुर्ची, डबा, बादली असं काहीही हातात घेतलं की आतले कोपरे बघावेत. खुर्चीचा पाय बैठकीला जिथे मिळतो तिथे धारदार काटकोन आहे, की बोट फिरवल्यावर लागणारी छान गोलाई आहे? गोलाई ठेवायला साचा बनवणाऱ्यानं विचार करावा लागतो. जिथे तो केलेला दिसतो, तिथे इतर गोष्टींचाही विचार झालेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

हा एकवटलेला ताण एका फटक्यात वस्तू मोडेलच असं नाही. बहुतेक वेळा तो हळूहळू काम करतो. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, मोडला आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. त्या आसाला पेलवणार नाही इतकं वजन त्यावर नव्हतं. मग तो मोडला का? पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून याचं उत्तर दिलं. एकदाच दिलेला मोठा भार जो धातू सहज झेलतो, तोच धातू त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा दिला तर मोडतो. प्रत्येक फेऱ्यात एक सूक्ष्म तडा किंचित पुढे सरकतो. याला धातूचा थकवा म्हणतात. पोलादाच्या बाबतीत सहसा अशी एक मर्यादा सापडते, की भार तिच्याखाली राहिला तर थकवा जवळजवळ येतच नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. हलके हलके हेलकावेसुद्धा त्याच्या खात्यात जमा होत राहतात.

थकव्याचं घरोघरी दिसणारं उदाहरण म्हणजे चार्जरची केबल. ती मधे कधी तुटत नाही, तुटते ती पिनेच्या मानेशी. पिनेचा भाग ताठ, केबल लवचिक. दोन्ही जिथे भेटतात तिथे सगळं वाकणं एका जागी गोळा होतं आणि आतली तांब्याची तार रोज त्याच ठिकाणी मुडपते. चांगल्या केबलच्या मानेवर खाचाखाचांची, पुढे निमुळती होत जाणारी रबरी बाही असते. ती ताठपणापासून लवचिकपणाकडे हळूहळू नेते, त्यामुळे वाकण्याची गोलाई मोठी होते. दुसरा फरक आत असतो आणि बाहेरून दिसत नाही: एक जाड तार वाकवली तर तिच्या बाहेरच्या कडेवर जितका ताण येतो, त्याच्या कितीतरी कमी ताण केसासारख्या बारीक तारांच्या जुडग्यावर येतो. केबल विकत घेताना मान हातात धरून हलकेच वाकवून बघावी. ती एका रेषेत मुडपते की कमानीसारखी वळते, हे लगेच कळतं.

कठीण म्हणजे टिकाऊ, हा समजही तपासून घ्यायला हवा. कठीणपणा म्हणजे ओरखडा न उठणं आणि चिवटपणा म्हणजे तडा पुढे न जाणं. हे दोन वेगळे गुण आहेत आणि बऱ्याचदा एक वाढला की दुसरा घटतो. खूप कडक केलेल्या पोलादाच्या सुरीला धार छान राहते, पण ती हाडावर आपटली की धारेचा कपचा उडतो. काचेचं दुखणं अ‍ॅलन ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं: काच तिच्या रेणूंच्या बळाच्या मानानं फार लवकर फुटते, कारण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे तडे आधीपासूनच असतात. टेम्पर्ड काचेत पृष्ठभाग मुद्दाम दाबाखाली ठेवलेला असतो, म्हणजे हे तडे उघडायच्या ऐवजी मिटून राहतात. तिची दुखरी बाजू उरते ती कड. काच मधे आपटली तर निभावते, कोपऱ्यावर आपटली तर नाही.

स्टेनलेस स्टीलवर जरा थांबतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. 1913 मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना क्रोमियमचं मिश्रण केलं आणि ते गंजत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं, की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. ओरखडा उठला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो थर आपोआप पुन्हा भरून येतो. मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं, की हे पोलाद स्वतःची डागडुजी स्वतः करतं. पण त्यासाठी ऑक्सिजन पोचायला हवा. रिवेटच्या डोक्याखाली, दुमडलेल्या काठात, मुठीच्या फटीत पाणी अडकून राहिलं तर तिथे ऑक्सिजन संपतो, थर भरून येत नाही आणि गंज लागतो. त्यात मिठाचे क्लोराइड असतील तर बारीक खड्डे पडायला आणखी मदत होते. भांडं स्टेनलेस आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्याचे सांधे बंद आणि गुळगुळीत आहेत का, पाणी निथळून जातं का, हे बघावं.

आणि चुंबक लावून स्टीलची पारख करू नये. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेल्या 304 प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, निकेल नसलेल्या 430 प्रतीला चिकटतो. दोन्ही अस्सल स्टेनलेस आहेत. गंज रोखण्यात 304 वरचढ आहे हे खरं, पण ओढून-ठोकून आकार दिलेल्या जागी 304 लाही चुंबक थोडासा धरतो, आणि चुंबक न चिकटणारं प्रत्येक स्टील 304 असतं असंही नाही. वस्तूवर छापलेला प्रतीचा आकडा वाचणं जास्त भरवशाचं.

आतापर्यंत वापरानं होणारी झीज पाहिली. काही पदार्थ न वापरताच संपतात. बुटांची जोडी जपून खोक्यात ठेवली आणि काही वर्षांनी काढली, तर तळवा पेढ्यासारखा कुस्करतो. हा अनुभव अनेकांना आलेला असतो. असे मऊ, हलके तळवे बऱ्याचदा पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकचे असतात. त्यातल्या एस्टर जातीच्या रेणूंचे बंध हवेतल्या दमटपणानं तुटतात. बंध तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध आणखी वेगानं तोडतं. खोकं कितीही घट्ट असलं, तरी थोडा दमटपणा आत असतोच. अशी जोडी जपून ठेवण्यापेक्षा वापरलेली बरी. वर्षानुवर्षं टिकणारे बूट हवे असतील, तर तळवा रबराचा आणि शक्यतो शिवलेला असावा, म्हणजे झिजल्यावर बदलता येतो. नुसता चिकटवलेला तळवा वेगळा करणं फार जिकिरीचं असतं. मऊ पीव्हीसीचं दुखणं वेगळं: त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर पडतं आणि मग ते ताठ होऊन चिरतं.

कपड्यांविषयी थोडक्यात. कापडाच्या जाडीपेक्षा तंतूची लांबी महत्त्वाची. लांब तंतू सुतात जास्त अंतर गुंतलेला राहतो. आखूड तंतूंची टोकं सारखी बाहेर येतात, त्यांच्या गोळ्या होतात आणि कापड विरत जातं. शिवण उलटी करून बघावी, कडा आत दुमडून दुहेरी शिवलेल्या असतील तर उत्तम. चामड्यात मात्र उलट काळजी हवी. टाके फार दाट असले तर सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि चामडं त्याच रेघेवर फाटतं.

विजेच्या वस्तूंत सगळ्यात कच्चा दुवा डोळ्यांना दिसत नाही. एलईडी दिव्यातली प्रकाश देणारी चिप सहसा लवकर जात नाही. बऱ्याचदा आधी जातो तो तिला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा छोटा भाग), कारण त्याच्या आतला द्रव उष्णतेनं वाळत जातो. अभियंत्यांचा ढोबळ हिशोब असा, की तापमान 10 अंश सेल्सिअसनं उतरलं तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. त्यामुळे तोच दिवा बंद झुंबरात लवकर जातो आणि मोकळ्या हवेत टिकतो.

दिव्यांचा विषय निघाला की फीबस करार आठवतोच. 1924 मध्ये ओसराम, फिलिप्स यांच्यासह मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन दिव्याचं आयुष्य 1000 तासांवर आणायचं ठरवलं आणि ते ओलांडणाऱ्यांना दंड लावला. ग्राहकांविरुद्धचा हा कट होताच. तरी भौतिकशास्त्राची बाजूही सांगायला हवी: तार जास्त तापवली तर तितक्याच विजेत उजेड जास्त मिळतो आणि तार लवकर संपते. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासून एक दिवा जवळपास अखंड जळतो आहे, पण त्याचा उजेड आज साधारण 4 वॉटच्या दिव्याइतकाच मंद आहे. ‘पूर्वीच्या वस्तू किती टिकायच्या’ असं म्हणताना आणखी एक गोष्ट निसटते. त्या काळच्या ज्या वस्तू मोडल्या, त्या आज बघायला आपल्यासमोर नाहीत.

शेवटी दुरुस्ती. कच्चा दुवा पूर्णपणे टाळता येत नाही, पण तो बदलता येईल असा ठेवता येतो. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून ठरावीक उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. युरोपीय संघाच्या 20 जून 2025 पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या स्मार्टफोनच्या बॅटरीनं 800 चार्जिंग फेऱ्यांनंतरही किमान 80 टक्के क्षमता राखायला हवी, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग 7 वर्षं मिळायला हवेत.

असे नियम नसतील तिथेही एक कागद हाताशी असतो, तो म्हणजे वॉरंटीचा. त्यात काय भरून मिळेल यापेक्षा काय मिळणार नाही ती यादी आधी वाचावी. बॅटरी, रबरी सील, पट्टा, गाळणी असे झिजणारे भाग बहुधा तिथेच नोंदलेले असतात, आणि वस्तू कुठून जाणार याचा बनवणाऱ्याचा स्वतःचा अंदाज त्यातून कळतो. त्या यादीतला भाग सुटा मिळतो का आणि तो स्क्रू काढून बदलता येतो की चिकटवून टाकलेला आहे, हे वस्तू घ्यायच्या आधी विचारावं.