टोळकं, घर आणि गल्ली : हिंसा रोखण्याच्या सामुदायिक प्रयत्नांची पार्श्वभूमी

१९२० च्या दशकात शिकागोमध्ये क्लिफर्ड शॉ आणि त्यांचे सहकारी एक चिकाटीचं काम करत होते. बालन्यायालयात आणलेल्या हजारो मुलांचे घरचे पत्ते ते शहराच्या नकाशावर एकेक ठिपका देऊन मांडत होते. शॉ त्याआधी स्वतः सुधारगृहातून सुटलेल्या मुलांवर देखरेख ठेवणारे अधिकारी होते, त्यामुळे त्या ठिपक्यांमागचे चेहरे त्यांना परके नव्हते. नकाशा भरत गेला तसं दिसायला लागलं की ठिपके सगळीकडे सारखे नाहीत. कारखान्यांच्या आजूबाजूच्या, मोडकळीला आलेल्या घरांच्या ठरावीक वस्त्यांत ते दाटले आहेत. त्या वस्त्यांतली माणसं तर पिढीगणिक बदलत होती. आधी जर्मन, आयरिश, स्वीडिश कुटुंबं. त्यांच्या हातात चार पैसे आले, ती बाहेर पडली आणि त्यांच्या जागी पोलिश, इटालियन आली. माणसं बदलली तरी ठिपके तिथेच राहिले, आणि बाहेर पडलेल्यांची मुलं न्यायालयाच्या यादीतून कमी होत गेली.

‘ही जातच तशी’ असं त्या काळी सर्रास बोललं जायचं. या नकाशाने त्या बोलण्यातली हवाच काढून घेतली. शॉ आणि हेन्री मॅके यांनी हा सगळा अभ्यास १९४२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, पण त्यातून निघणारं काम त्याच्या किती तरी आधी सुरू झालं होतं. आज तरुणांसाठी, कुटुंबांसाठी आणि मारामाऱ्या थांबवण्यासाठी वस्त्यांमधून जे काही चालतं, त्याची एक मोठी मुळी इथे सापडते.

अर्थात, सुरुवात अगदी शून्यातून झाली नव्हती. शिकागोतच १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हल हाउस उघडलं होतं. गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत जाऊन राहायचं, लहान मुलांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, पोरांसाठी मंडळं चालवायची, असा तो खटाटोप. तिथल्या आणि शहरातल्या इतर बायकांनी नेट लावला म्हणून १८९९ साली पहिलं स्वतंत्र बालन्यायालय उभं राहिलं. त्याआधी चोरी केलेलं दहा-अकरा वर्षांचं पोर मोठ्या गुन्हेगारांच्या कोठडीत टाकलं जाणं ही नवलाची गोष्ट नव्हती. मात्र हल हाउससारख्या संस्थांत एक अंतर राहूनच जायचं. मदत करणारे शिकलेले, सुस्थितीतले, बाहेरून आलेले. आणि मदत घेणारे वस्तीतले.

शॉ यांनी हे अंतरच मिटवायचं ठरवलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन मंदीत, त्यांनी शिकागो एरिया प्रोजेक्ट सुरू केला. पोलाद कारखान्यांना लागून असलेली रसेल स्क्वेअर ही पोलिश कामगारांची वस्ती त्यातल्या पहिल्यांपैकी एक. तिथे रहिवाशांचीच समिती नेमली गेली. कार्यक्रम काय घ्यायचे, पैसा कशावर लावायचा, कामावर कोणाला ठेवायचं हे ती ठरवणार. कामाला माणसंही शक्यतो त्याच गल्लीतली घ्यायची, त्यातला एखादा स्वतः तुरुंगात जाऊन आलेला असला तरी चालेल. हे नवे कार्यकर्ते कार्यालयात बसून पोरांची वाट बघत नसत. नाक्यावर, फुटपाथच्या कडेला, पोरं जिथे टोळक्याने उभी असत तिथेच जाऊन उभे राहत आणि बोलत. सुधारगृहातल्या मुलाला तो सुटण्याआधी वस्तीतलीच माणसं भेटायला जात, परतल्यावर शाळेत किंवा कामावर चिकटवून देत. पोर गल्लीत पुन्हा पाऊल टाकतं त्या दिवशी त्याला नावाने हाक मारणारं कोणी तरी असे.

पदवीधर समाजसेवकांना हे फारसं रुचलं नाही. ज्यांचं स्वतःचंच पाऊल वाकडं पडलं ते दुसऱ्याला काय सावरणार, असा त्यांचा सूर होता. मला वाटतं, या क्षेत्रातला सगळ्यात जुना वाद हाच आहे. शॉ यांचं उत्तर सरळ होतं : पोरं ज्याचं ऐकतात त्याच्याकडूनच सुरुवात करावी लागते. वस्ती कोणाची हा प्रश्नही त्यातच आला. शॉ यांच्या हाताखाली काम केलेले सॉल अलिन्स्की तिथून बाहेर पडले आणि १९३९ मध्ये कत्तलखान्यांजवळच्या बॅक ऑफ द यार्ड्स भागात रहिवाशांची परिषद उभारून हक्कांची लढाई लढू लागले. रसेल स्क्वेअरसारख्या कामाने गुन्हे नेमके किती घटले, याची काटेकोर मोजणी मात्र त्या काळी झाली नाही.

मोजणी का लागते, हे दुसऱ्याच एका प्रयोगाने दाखवलं आणि ते वाचताना आजही जिवाला लागतं. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने एक मोठा उपक्रम सुरू झाला. मुलांच्या सारख्यासारख्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदतीसाठी निवडलं. शेवटपर्यंत टिकलेल्या जोड्या २५३. निवडलेल्या मुलाकडे समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा जायचा. अभ्यासात मदत, आजारपणात डॉक्टर, घरच्यांशी बोलणं, उन्हाळ्यात शिबिर. हे सरासरी पाच वर्षं चाललं. यात कुठे खोट काढावी असं काही दिसत नाही.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा, म्हणजे आता चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांचा, माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी सांगितलं की त्या उपक्रमाचा आपल्याला उपयोग झाला. नोंदी मात्र वेगळंच सांगत होत्या. पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा कित्येक बाबतींत मदत मिळालेल्यांची स्थिती जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा वाईट निघाली. १९७८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना ते पचनी पडलं नाही. पुढच्या तपासणीत मॅकॉर्ड यांना एक धागा सापडला : शिबिरांना एकापेक्षा जास्त वेळा पाठवलेल्या मुलांचं नुकसान ठळक होतं. वांड पोरं एकत्र आणली की ती एकमेकांना फुशारक्या मारून दाखवतात, आणि शाबासकी मिळते ती त्याच फुशारकीला.

नाक्यावरच्या कामालाही हाच फटका बसला. न्यूयॉर्कने १९४७ मध्ये युवक मंडळ स्थापन करून टोळ्यांमध्ये कार्यकर्ते पाठवले. पाठोपाठ इतर शहरांनी तेच केलं. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये माल्कम क्लाइन यांनी अशा एका कामाची तपासणी केली तेव्हा दिसलं की कार्यकर्ता टोळीला सहली, सामने, बैठका देत होता, त्याने टोळीच घट्ट होत होती. एकेका पोराला टोळीपासून सुटं करणारं काम हवं होतं. टोळीला नवा कार्यक्रम मिळून चालणार नव्हतं. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दमात घ्यायची टूम निघाली आणि देशभर पसरली. काटेकोर चाचण्यांत असं आढळलं की अशी भीती घातलेल्या मुलांकडून पुढे गुन्हे जास्तच होतात. तरी हा प्रकार अजून पुरता थांबलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुटुंबाची बाजू या इतिहासात उशिरा आली. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या शहरात डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ मध्ये सुमारे ४०० गरोदर स्त्रियांना घेऊन अभ्यास सुरू केला. बहुतेक जणी कोवळ्या वयाच्या, गरीब किंवा एकट्या. काहींच्या घरी नर्स गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत जायची. बाळ रडतं तेव्हा त्याला काय हवं असतं, स्वतःचं जेवणखाण, पुन्हा शिकायला किंवा कामाला कधी लागायचं, अशा साध्या गोष्टी ती स्वयंपाकघरात बसून बोलायची. पंधरा वर्षांनी पाहिलं तर या घरांमध्ये मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या नोंदी जवळजवळ निम्म्या होत्या. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. ज्या घरांत बाईला वारंवार मारहाण होत होती, तिथे नर्सच्या येण्याचा हा परिणाम दिसला नाही. आईच सुरक्षित नसेल तर बाळासाठीचा सल्ला टिकणार कुठे?

तो प्रश्न दुसऱ्या एका चळवळीने आधीच हातात घेतला होता. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका-मुलांसाठी आसरा सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी मिनेसोटातल्या डुलुथ शहरात पोलीस, न्यायालयं आणि आसरागृहं यांनी एकाच पद्धतीने वागायचं ठरवलं, म्हणजे तक्रार करणाऱ्या बाईला प्रत्येक दारात पहिल्यापासून कहाणी सांगावी लागू नये. तरुणांचं काम आणि बायकांचं काम पुष्कळ वर्षं वेगवेगळ्या वाटांनी चाललं, जरी दोन्हीकडची मुलं त्याच घरांतली होती.

मग डॉक्टर आले. बॉस्टनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना डेबोरा प्रोथ्रो-स्टिथ यांनी एका रात्री चाकूचा वार झालेल्या तरुणाला टाके घातले. तो जाता जाता म्हणाला की झोपू नका, माझ्यावर वार करणारा तासाभरात इथेच येईल, तुम्हाला टाके घालायचा सराव होईल. त्यांना प्रश्न पडला : कोणी आत्महत्येची भाषा केली तर आपण त्याला असं सोडून देत नाही, मग हा सूड घ्यायला निघालेला असताना फक्त जखम शिवून कसं चालेल? पुढे त्यांनी शाळांसाठी हिंसा टाळण्याचा अभ्यासक्रम तयार केला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८३ मध्ये हिंसेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र शाखा काढली. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हिंसा हा जगभरातला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा पहिला मोठा अहवाल आला.

क्षयरोग, पटकी आणि एड्सच्या साथींवर काम करून गॅरी स्लटकिन शिकागोला परतले तेव्हा गोळीबारांचे नकाशे त्यांना साथीच्या नकाशांसारखे दिसले. एका घटनेतून दुसरी, तिच्यातून तिसरी. २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्क भागात त्यांनी काम सुरू केलं आणि काही वर्षांत त्यात खुन्नस मोडणारे मध्यस्थ आले. हे बहुतेक त्याच वस्तीतले, पूर्वी स्वतः टोळीत असलेले. गोळी लागलेल्या पोराच्या खाटेजवळ भाऊ आणि मित्र जमतात, दात-ओठ खातात, ती वेळ त्यांच्या कामाची. ते उपदेश करत नाहीत. भावाला बाहेर घेऊन जातात, खायला घालतात, आईचं काय होईल ते विचारतात, रात्र ढकलतात. समोरच्या बाजूला ओळखीचा माणूस गाठून गैरसमज असेल तर निस्तरतात. शॉ यांच्या फुटपाथवरच्या कार्यकर्त्याची ही सत्तर वर्षांनंतरची आवृत्ती, आणि तोच जुना वाद घेऊन : पूर्वी गुन्हे केलेल्यांवर भरवसा ठेवायचा का?

बॉस्टनची वाट थोडी निराळी. १९९० मध्ये त्या शहरात १५२ खून झाले. १९९२ साली एका चर्चमध्ये अंत्यसंस्कार चालू असताना टोळीने हल्ला केला, तेव्हा आपापल्या प्रार्थनास्थळात बसलेले धर्मोपदेशक रस्त्यावर उतरले आणि रात्री पोरांमध्ये फिरू लागले. १९९६ पासून पोलीस, उपदेशक आणि कार्यकर्ते टोळीतल्या तरुणांना समोरासमोर बसवून दोनच गोष्टी सांगत : गोळीबार झाला तर सगळ्या टोळीवर कारवाई होईल, आणि बाहेर पडायचं असेल तर मदत इथेच आहे. या उपक्रमाच्या मूल्यमापनात तरुणांच्या खुनांत ६३ टक्के घट नोंदली गेली. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी खास पथक काढलं, पुढे ते देशव्यापी झालं. २००८ मध्ये न्यायालयाच्या दालनात टोळ्यांतल्या मुलांना बोलावून त्यांच्यासमोर डॉक्टर आणि मूल गमावलेली आई बोलली. दहा वर्षांत तिथल्या खुनांची संख्या जवळपास निम्मी झाली.

शेजाऱ्यांचं बळ मोजता येतं का, हे रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. शिकागोच्या ३४३ भागांतल्या ८,७८२ रहिवाशांना अगदी घरगुती प्रश्न विचारले : पोरं शाळा बुडवून नाक्यावर उभी असतील तर शेजारी हटकतील का? घरासमोर मारामारी जुंपली तर कोणी मध्ये पडेल का? इथल्या माणसांवर भरवसा ठेवता येतो का? १९९७ मध्ये आलेला निष्कर्ष असा की जिथे उत्तर होकारार्थी, तिथे गरिबी जमेस धरूनही हिंसा कमी. फिलाडेल्फियात ओसाड, कचऱ्याने भरलेले भूखंड साफ करून तिथे हिरवळ लावली तेव्हा आजूबाजूच्या गरीब वस्त्यांत गोळीबार घटला, असं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. एकमेकांना भेटायला जागा असणं हेही या कामाचाच भाग झालं.

या सगळ्याला पैसा कुठून येतो, तिथे हा इतिहास पुन्हापुन्हा अडखळतो. शिकागोतल्या मध्यस्थांचं काम २०१५ मध्ये इलिनॉय राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पेचात बहुतांश भागांत बंद पडलं. २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने अशा कामांसाठी पाच वर्षांचे २५ कोटी डॉलर मंजूर केले. एप्रिल २०२५ मध्ये न्याय विभागाने शेकडो अनुदानं मध्येच थांबवली, त्यात वस्तीत हेच काम करणाऱ्या संस्थाही होत्या. नाक्यावर उभं राहायला, टोळीचं ऐकून घ्यायला, आईचा भरवसा मिळवायला या माणसांना वर्षंच्या वर्षं लागलेली असतात. अनुदान थांबल्याचं पत्र आलं तरी रात्री-अपरात्री फोन त्यांनाच येतात आणि पुष्कळ जण पगाराविना तसेच निघतात.