गुप्तांगवेधन : इंग्लंड व वेल्समधील कायदेशीर स्थिती

सज्ञान व्यक्तीने स्वखुशीने स्तनाग्र किंवा जननेंद्रिय टोचून त्यात दागिना घालून घेणे इंग्लंड व वेल्समध्ये सामान्यतः गुन्हा मानले जात नाही. मात्र तशी मुभा देणारे स्पष्ट कलम कोणत्याही अधिनियमात नाही. ती न्यायनिर्णयांतून आलेली आहे.

१८६१ च्या व्यक्तीविरुद्ध अपराध अधिनियमानुसार ‘जखम’ ठरण्यास त्वचेचे सर्व थर भेदले जावे लागतात. नुसता आतला रक्तस्राव पुरत नाही. वेधनाची सुई एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, म्हणजे ती जखमच. साहजिकच सारी भिस्त संमतीवर येते. ब्राउन खटल्यात (१९९३) हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय) ३ विरुद्ध २ मतांनी, लैंगिक सुखासाठी केलेल्या इजेला संमती हा बचाव होत नाही असे ठरवले. त्याच निकालात लॉर्ड टेंपलमन यांनी गोंदणे, कान टोचणे, धार्मिक सुंता व मुष्टियुद्ध ही कायदेशीर कृत्ये म्हणून जाता जाता नोंदवली. त्या यादीत गुप्तांग नाही. म्हणून काही भाष्यकार हेतूवर बोट ठेवतात : शोभेसाठी टोचले तर चालेल, सुखासाठी नाही. प्रत्यक्षात हे दोन हेतू क्वचितच वेगळे काढता येतात. विल्सन खटल्यात (१९९६) पत्नीच्या इच्छेवरून तिच्या नितंबावर तापलेल्या सुरीने आद्याक्षरे उमटवणाऱ्या पतीचे कृत्य अपील न्यायालयाने गोंदण्याच्या पंक्तीला बसवले. कान व स्तनाग्र कापून काढणे आणि जीभ दुभागणे यांबाबतच्या २०१८ च्या निकालात संमतीचा बचाव नाकारला गेला. पण तेथेही वेधन अशा विच्छेदनाहून वेगळे मानले गेले. त्यामुळे हेतूचा मुद्दा आता गौण झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्त्रियांबाबत प्रश्न शिल्लक आहे. २००३ च्या स्त्री-जननेंद्रिय विच्छेदन अधिनियमात ‘मुलगी’ या संज्ञेत प्रौढ स्त्रीही येते आणि संमतीचा अपवाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या अशा विच्छेदनाच्या वर्गीकरणात वैद्यकीय कारणाविना केलेले वेधन चौथ्या प्रकारात मोडते. परंतु न्यायमूर्ती मंबी यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की या प्रकारातील कृत्य ‘विच्छेदन’ ठरले तरच अधिनियमाखाली गुन्हा होतो. टोचणे हे पुरुषांच्या सुंतेपेक्षा कितीतरी सौम्य, असेही त्यांनी नमूद केले. पुरुषांच्या वेधनाला हा अधिनियम लागूच नाही.

वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०१८ पासून १८ वर्षांखालील व्यक्तीचे असे वेधन करण्यास बंदी आहे. बंदी लागू असलेल्या अवयवांच्या यादीत जीभही आहे.